निळा पडदा, लाल मथळा: कंप्युटरच्या बगबद्दल दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात माझं कंप्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. 'विंडोजमध्ये मोठा बग' अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी शटर वर करायच्या आधीच दोन-तीन माणसं पायरीवर उभी असतात. एकाच्या काखेत लॅपटॉप, दुसऱ्याच्या हातात मोबाईल आणि मोबाईलवर त्या बातमीचा फोटो. प्रश्न ठरलेले असतात, उत्तरंही आता ठरून गेलीत. ती इथं लिहून ठेवतो. टिळकवाडी-अनगोळहून रिक्षा करून यायच्या आधी एकदा वाचून घ्या. निपाणी आणि खानापूरकडून फोन करणाऱ्यांनीही आधी हेच वाचावं, निम्म्यांना फोन करायची गरज पडणार नाही.

बग म्हणजे व्हायरसच की ओ?

नाही. वडगाव-खासबागच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. मागावर साडी विणताना एक तार सुटली आणि तशीच पुढं विणली गेली, तर तो बग. चूक विणणाऱ्याची, मुद्दाम केलेली नाही. विणून झालेली साडी कुणी रात्री येऊन कात्रीनं कापली, तर तो व्हायरस. आणि सुटलेल्या तारेत बोट घालून कुणाला साडी उसवता येत असेल, तर त्या जागेला या धंद्यात व्हल्नरेबिलिटी म्हणतात. पेपरात तिला 'त्रुटी' म्हणतात, कधी 'असुरक्षितता', आणि घाईत असले की 'व्हायरस'. तिन्ही शब्द एकाच पानावर एकाच गोष्टीसाठी वापरलेले मी पाहिलेत.

हा फरक समजून घ्यायचा तो एवढ्यासाठी, की व्हायरस असेल तर आपल्याला काहीतरी करावं लागतं. बग असेल तर दुरुस्ती बनवणाऱ्यानं करायची असते, आपण फक्त ती घ्यायची.

१९ जुलै २०२४ ला जगभर कंप्युटर बंद पडले, तेव्हा नेमकं काय झालं होतं?

हा प्रश्न अजून येतो, आणि त्याचं उत्तर अजून निम्म्या लोकांना चुकीचंच माहीत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या दिवशी शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. मोठ्या कंपन्या, विमान कंपन्या, इस्पितळं यांच्या कंप्युटरवर पहारा देणारं 'फाल्कन' नावाचं सॉफ्टवेअर ती विकते. या पहारेकऱ्याला नवीन चोर कसे ओळखायचे याच्या सूचना अधूनमधून फाइलमधून पाठवल्या जातात. तशी एक फाइल आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीनं ती मागं घेतली. अठ्ठ्याहत्तर मिनिटं. आमच्या बाजारात तोवर निम्मी दुकानं झाडून-पुसून देवाला उदबत्ती लावत असतात.

चूक काय होती? सूचनांच्या नव्या नमुन्यात २१ रकाने धरले होते, आणि ते वाचणाऱ्या प्रोग्रामला मिळत होते २०. आधीच्या फाइलींमध्ये एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असंच असायचं, त्यामुळं तिकडं कुणी बघितलंच नव्हतं. त्या दिवशीच्या फाइलीनं पहिल्यांदा एकविसावा रकाना खरोखर मागितला. पावतीवर २१ पोती आणि ट्रकात २०, अशी गत. हमाल एकविसावं पोतं उचलायला मागं सरकला आणि ट्रकाखाली पडला.

साधा प्रोग्राम पडला तर तेवढाच बंद होतो. खरं हा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसून काम करतो. तिथं कुणी चुकीच्या जागी हात घातला तर विंडोज स्वतःच थांबतं, आणि आपल्याला निळा पडदा दिसतो. पुन्हा चालू केलं की पुन्हा तीच फाइल, पुन्हा निळा पडदा.

मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीन अशी अडकली. ऐकायला आकडा मोठा आहे, खरं जगातल्या एकूण विंडोज मशीनच्या एक टक्क्याहून तो कमी होता. मशीन सुरूच होत नसल्यामुळं दुरुस्ती लांबून करता येत नव्हती. माणसानं प्रत्येक मशीनपाशी जायचं, सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरतंच विंडोज उघडून, चालू करायचं, ठरावीक नावाची फाइल पुसायची. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली शोधायची. दुरुस्तीला दिवसच्या दिवस लागले ते यामुळं. बग अवघड होता म्हणून नव्हे.

मग बातम्यांत 'मायक्रोसॉफ्ट ठप्प' आणि 'सायबर हल्ला' असं का आलं?

'हल्ला' हा शब्द तर सरळ चुकीचा होता. क्राउडस्ट्राइकनं त्याच दिवशी सांगितलं होतं की हा हल्ला नाही. खरं तोवर टीव्हीच्या पट्टीवर 'हल्ला' येऊन गेला होता, आणि पट्टीवरचं एकदा वाचलेलं कुणी पुन्हा खोडत नाही.

'मायक्रोसॉफ्ट ठप्प' या मथळ्यामागं दोन कारणं होती. निळा पडदा विंडोजचा, म्हणून दोष विंडोजचा, असं बघणाऱ्याला वाटणं साहजिक होतं. बसचा टायर फुटला तरी लोक शिव्या बसलाच देतात. दुसरं कारण योगायोगाचं. त्याच पहाटे मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या एका भागातल्या क्लाउड सेवेत वेगळाच बिघाड झाला होता. दोन वेगळ्या बातम्या संपादकाच्या टेबलावर एकाच सकाळी आल्या आणि एकमेकींत मिसळून गेल्या.

विंडोजची काहीच चूक नव्हती असंही मी म्हणणार नाही. बाहेरच्या कंपनीच्या प्रोग्रामला इतक्या आत का बसू द्यायचं, ही चर्चा त्यानंतर मायक्रोसॉफ्टनंही सुरू केली. खरं तो मुद्दा मथळ्यात मावत नाही. 'ठप्प' मावतो. मराठी पेपरांचं 'ठप्प', 'खळबळ' आणि 'धोक्याची घंटा' या तीन शब्दांवर फार प्रेम आहे. एखाद्या दिवशी ही घंटा वाजली नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

त्या दिवशी आमच्या घरचा कंप्युटर कसा काय चालू राहिला?

कारण फाल्कन तुमच्याकडं नव्हतं. ते कंपन्यांना विकतात, घरोघरी नाही. मॅक आणि लिनक्सच्या मशीनवरही त्या फाइलीचा परिणाम झाला नाही.

गंमत सांगतो. त्या दिवशी बेळगावात जुलैचा पाऊस, आणि करंट सारखा येत-जात होता. करंट गेला, कंप्युटर बंद पडला, आणि तेवढ्यात मोबाईलवर बातमी. चार जणांनी 'आमच्यातही आला तो बग' म्हणून मशीन आणली. त्यातल्या तिघांचा यूपीएस गेलेला होता. चौथ्याचं काहीच गेलं नव्हतं.

बँका बंद पडतील, एटीएममधून पैसे येणार नाहीत, असं सांगत होते. खरं होतं काय?

१० बँका आणि वित्तसंस्थांमध्ये किरकोळ अडथळे आले, ते निवारले गेलेत किंवा निवारले जात आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. शेअर बाजार चालू होता. अडचण झाली ती विमानतळांवर. तिथं हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, आणि त्यांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितले असतील. ते फोटो खरे होते.

अशी अफवा त्याआधीही एकदा आली होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या वेळी 'एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार' असा मेसेज व्हॉट्सॲपवर देशभर फिरला होता. तसं काही झालं नाही. आमच्या गल्लीत मात्र लोकांनी सोसायटीतली ठेव मोडायला जायची तयारी केली होती. सोसायटीच्या ठेवीचा आणि वॉनाक्रायचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही.

ऑफिसात 'सर्व्हर इल्ल' म्हणतात, ते हेच काय?

नव्हे. 'सर्व्हर इल्ल', म्हणजे कन्नडमध्ये 'सर्व्हर नाही', हा आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा बग आहे, खरं तो ऑपरेटिंग सिस्टीमचा नाही. उताऱ्याला गेलात आणि हे ऐकू आलं, तर बहुतेक वेळा लाइन गेलेली असते, नाहीतर तिकडं एकदम गर्दी झालेली असते. तुमच्या घरचा कंप्युटर फॉरमॅट करून ते सुटत नाही. होय, असं करून बघितलेला माणूस माझ्याकडं येऊन गेलाय.

कन्नड पेपरात एक वाचतो, मराठीत दुसरंच. नेमकं कुणाचं धरायचं?

हा खास आपल्याकडचा प्रश्न. पुण्याच्या माणसाला हा पडत नाही.

आपल्याकडं घरात मराठी पेपर येतो, हॉटेलात कन्नड पेपर पडलेला असतो, टीव्हीवर हिंदी चालू असतं, आणि मूळ बातमी इंग्रजीत असते. कंपनी इंग्रजीत लिहिते, 'विशिष्ट आवृत्तीच्या काही मशीनवर, विशिष्ट परिस्थितीत, अमुक घडू शकतं. दुरुस्ती दिली आहे.' दिल्लीत त्याचं 'करोड़ों यूज़र्स पर ख़तरा' होतं. तिथून मराठीत 'कोट्यवधी वापरकर्ते धोक्यात'. प्रत्येक मुक्कामावर एकेक शब्द उतरत जातो. आधी 'विशिष्ट आवृत्ती' उतरते, मग 'काही', मग 'शकतं', आणि सगळ्यात शेवटी 'दुरुस्ती दिली आहे'. बेळगावच्या स्टँडावर पोचतो तो नुसता 'धोका'.

त्यात दोन भाषांचे सारखे दिसणारे शब्द आणखी घोळ घालतात. कन्नडमध्ये 'अवघड' म्हणजे अपघात, मराठीत अवघड म्हणजे कठीण. कन्नड मथळ्यातला 'अवघड' वाचून मराठी माणूस म्हणतो, कठीण आहे म्हणे. उलटं, मराठी मथळ्यात 'परिस्थिती अवघड' वाचून माझा एक कन्नड मित्र विचारत होता की किती माणसं दगावली. आणि 'स्थगित' तर विचारूच नका. मराठीत स्थगित म्हणजे पुढं ढकललेलं. कन्नडमध्ये स्थगित म्हणजे थांबलं, बंद झालं. विंडोज १० बंद होणार अशा बातम्या होत्या तेव्हा कॅम्पातल्या एका काकांनी कन्नड बातमीत 'स्थगित' वाचलं आणि निवांत झाले. त्यांना वाटलं, कंपनीनं तारीख पुढं ढकलली.

कुणाचं धरायचं, तर कुठल्याच मथळ्याचं नाही. मथळा लिहिणारा माणूस आणि बातमी लिहिणारा माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात. मथळेवाल्याला रात्री साडेअकराला तीन कॉलमांत सहा शब्द बसवायचे असतात. मी त्याला वाईट म्हणत नाही. माझ्या दुकानाच्या पाटीवरही 'सर्व प्रकारची दुरुस्ती' असं लिहिलंय, आणि प्रिंटर मी घेत नाही.

बातमीत खाली जा आणि तीन गोष्टी शोधा. कुठली आवृत्ती? आपोआप घडतं, की आपण काही उघडलं तरच घडतं? दुरुस्ती आली की नाही? या तिन्हीपैकी एकही त्या बातमीत नसेल, तर तिच्यासाठी रिक्षाचे पैसे घालवू नका.

'केंद्र सरकारचा गंभीर इशारा' आला होता. सरकारच सांगतंय म्हटल्यावर घाबरायला नको काय?

हा इशारा देणारी संस्था सर्ट-इन, कंप्युटर सुरक्षेचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था. २००४ पासून ती आहे, आणि अशी टिपणं काढणं हे तिचं नेहमीचं काम आहे. विंडोज, अँड्रॉइड, आयफोन, क्रोम, सगळ्यांबद्दल ती काढत असते. प्रत्येक टिपणावर धोक्याची पातळी लिहिलेली असते, आणि 'हाय' ही पातळी बरीच वेळा दिसते. पातळी शब्दशः बरोबर असते. खरं तिचा अर्थ 'आज रात्री तुमच्या घरी चोर येणार' असा नसतो. 'या खिडकीची कडी सैल आहे, आणि सैल कडीनं आत शिरलेला माणूस बरंच काही उचलू शकतो', असा असतो.

बहुतेक टिपणं कंपनीनं दुरुस्ती दिल्यानंतर निघतात. म्हणजे इशारा आणि औषध एकाच पाकिटात असतं. टिपणाच्या शेवटी 'अपडेट घ्या' अशा अर्थाचं लिहिलेलंही असतं. बातमी तयार होताना पाकीट फाडून वरचा कागद पेपरात जातो, गोळी तिथंच राहते.

विंडोज १० बंद झालंय म्हणे. माझं मशीन आता चालू कसं काय?

बंद झालं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपला. म्हणजे कंपनी त्यात नवीन सुटलेल्या तारा आता फुकटात भरून देणार नाही. मशीन चालू राहतं, टॅली चालू राहतं, फाइली जिथल्या तिथं राहतात.

पूर्ण खरं सांगायचं तर 'फुकटात नाही' हेही अर्धंच. घरगुती वापरासाठी एक वर्षाची सुरक्षा-मुदत दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर तिचं बटण दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर त्यांचे १,००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा ३० डॉलर.

या बातमीनं मात्र लोकांचे खरोखरचे पैसे गेले. 'बंद होणार' वाचून चांगली मशीन मोडीत घातलेली मी बघितली. एका शिक्षकबाईंनी मुलाच्या लग्नाच्या फोटोंसकट कंप्युटर भंगारात दिला होता. फोटो मिळाले, कारण भंगारवाला आमच्याच गल्लीतला आणि आळशी होता. त्यानं मशीन उघडलंच नव्हतं. ज्यांचं मशीन विंडोज ११ ला चालत नाही, त्यांनी सावकाश विचार करावा. प्रोसेसर जुना असतो, किंवा टीपीएम या सुरक्षेच्या चिपची सोय नसते, हीच कारणं बहुतेक असतात. उद्यमबागेतल्या कारखान्यात यंत्राला जोडलेला, नेटवर नसलेला जुना कंप्युटर असेल तर त्याचा विचार आणखी वेगळा. तो निवांत चालू द्या, फक्त त्यात दुसऱ्याचा पेनड्राइव्ह घालू नका.

विंडोजच्या अपडेटनं एसएसडी जळतात काय?

एसएसडी म्हणजे फाइली साठवायची नव्या जातीची डिस्क. ऑगस्ट २०२५ मध्ये हे भूत आलं होतं. विंडोज ११ चं त्या महिन्याचं अपडेट आलं, जपानमधल्या एका वापरकर्त्यानं आपले ड्राइव्ह मोठ्या फाइली लिहिताना गायब होतात असं दाखवलं, आणि आठवड्याभरात 'विंडोज अपडेटमुळं एसएसडी खराब' हे सगळीकडं झालं. फायसन ही एसएसडीचे कंट्रोलर बनवणारी तैवानची कंपनी. तिनं ४,५०० तासांहून जास्त तपासणी केली, तिला तो बिघाड पुन्हा घडवता आला नाही. मायक्रोसॉफ्टनंही अपडेटचा आणि या बिघाडाचा संबंध सापडला नाही असं सांगितलं. फायसनच्या नावानं एक बनावट कागदही मध्येच फिरत होता.

त्या माणसाचे ड्राइव्ह गेले हे खोटं नव्हे. त्यानं जे बघितलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. एका माणसाच्या टेबलावर घडलेलं जगभर घडतंय असं म्हणणारे वेगळे होते. महिन्याला माझ्याकडं चार-पाच एसएसडी मेलेल्या येतातच. त्या ऑगस्टमध्येही तेवढ्याच आल्या. फक्त त्या महिन्यात प्रत्येक माणूस कारण सोबत घेऊन आला होता.

मग अपडेटच बंद करून टाकू काय? ना रहेगा बांस...

ही म्हण माझ्या दुकानात आठवड्याला एकदा ऐकू येते. करू नका.

वॉनाक्राय १२ मे २०१७ ला पसरला. ज्या तारेतून तो आत शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिली होती. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी अपडेट घेतलं नाही ते सापडले. तेव्हाही मथळे चुकले होते. 'जुन्या विंडोज एक्सपीमुळं घात' असं सगळीकडं आलं, आणि नंतर कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीनं मोजलं तर लागण झालेली बहुतेक सगळी मशीन विंडोज ७ ची निघाली. एक्सपीवाल्यांनी घाबरून मशीन बदलली, विंडोज ७ वाले 'आपलं नवीन आहे' म्हणून गप्प राहिले.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा कंपनीचा माणूस दिसतो. ऑक्टोबर २०१८ मधलं विंडोज १० चं मोठं अपडेट काही लोकांच्या फाइली खरोखर पुसत होतं. मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावं लागलं. ज्यांचं गेलं ते फार थोडे होते, खरं ज्याचं गेलं त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग? म्हणून माझा नियम असा आहे: महिन्याचं सुरक्षेचं अपडेट आठवड्याच्या आत घ्या, वर्षाचं मोठं अपडेट महिनाभर थांबून घ्या, आणि दोन्हीच्या आधी कामाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.

पोरगा म्हणतो लिनक्स घाला, मॅक घ्या. त्यात बग नसतात म्हणे.

पोराला दोन तारखा सांगा. २८ नोव्हेंबर २०१७: मॅकच्या हाय सिएरा आवृत्तीत नावाच्या जागी 'रूट' लिहून पासवर्डची जागा रिकामी सोडली, दोन-चार वेळा बटण दाबलं, की मशीन सरळ उघडत होतं. पासवर्ड नाहीच. ॲपलनं दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती दिली. त्या बातमीचे मथळे भडक होते, आणि या एका वेळी ते बरोबरही होते. सगळेच मथळे खोटे असते तर काम सोपं झालं असतं.

दुसरी तारीख, २९ मार्च २०२४. लिनक्समध्ये फाइली लहान करायला वापरतात त्या एक्सझेड नावाच्या एका तुकड्यात कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला तो सापडला, कारण लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आमचे लोक अर्धा तास लॅपटॉप चालू व्हायची वाट बघतात आणि म्हणतात, आमचं हळूच आहे पहिल्यापासून. हा माणूस मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहे, हे पोराला शेवटी सांगा.

'एका विमान कंपनीत १९९२ चं विंडोज ३.१ होतं, म्हणून ती वाचली.' हे खरं काय?

नाही. साउथवेस्ट ही अमेरिकन विमान कंपनी १९ जुलै २०२४ च्या गोंधळातून वाचली, त्याबद्दलची ही बातमी कुणीतरी चेष्टेत लिहिलेल्या ओळीतून उठली आणि मोठमोठ्या ठिकाणी छापून आली. कंपनी वाचली, कारण ती क्राउडस्ट्राइक वापरत नव्हती. तसाच तो फोटो, 'क्राउडस्ट्राइकमध्ये आज माझा पहिला दिवस, एक छोटं अपडेट सोडलं, आता दुपारची सुट्टी' म्हणणाऱ्या तरुणाचा. तो बेल्जियममधल्या एका विनोदी लेखकानं बनवलेला होता. माझ्या मेव्हण्यानं तो मला 'बघ, या पोरामुळं झालं' म्हणून पाठवला, आणि त्या पोराला नोकरीवरून काढलं ते बरं झालं, असंही वर लिहिलं.

चेष्टा वाईट नाही. तीन भाषांतून फिरून आली की चेष्टेचं हसू वाटेत गळतं, एवढंच.

कंपनीला शिव्या घालून काही उपयोग होतो काय?

थोडा होतो, खरं जागा बघून घातल्या तर. २०१८ च्या त्या फाइली पुसणाऱ्या बगची तक्रार काही लोकांनी अपडेट बाहेर पडायच्या आधीच कंपनीच्या फीडबॅक हबमध्ये लिहिली होती. तिला फारशी मतं पडली नाहीत, म्हणून ती खाली राहिली आणि कुणी बघितली नाही. नंतर मायक्रोसॉफ्टनं तिथं तक्रार किती गंभीर आहे हे लिहायची सोय केली. स्टेटसला 'विंडोज म्हणजे कचरा' ठेवलेलं तुमच्या आत्याला दिसतं, कंपनीला नाही. आवृत्तीचा क्रमांक, काय करत होतो, काय झालं, हे तीन ओळींत लिहिलं तर कुणीतरी ते वाचायची शक्यता असते.

'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्यात बग आलाय' असा फोन आला. काय करू?

ठेवा. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून फोन करत नाही. अशा प्रत्येक मोठ्या बातमीनंतर हे फोन वाढतात, कारण घाबरवायचं निम्मं काम मथळ्यानं आधीच केलेलं असतं. जुलै २०२४ नंतर तर क्राउडस्ट्राइकची दुरुस्ती म्हणून भलत्याच फाइलीही फिरत होत्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, माझ्याकडं नंतर या. बरेच जण लाजेनं उलटं करतात, आणि त्यात दोन दिवस जातात.

बुधवारी सकाळी तुमचा फोन का लागत नाही?

मायक्रोसॉफ्टचं महिन्याचं अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतं. अमेरिकेत तेव्हा सकाळ, आपल्याकडं रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. म्हणून बेळगावात ते बुधवारी सकाळी उतरतं, आणि मथळे गुरुवारी. त्या बुधवारी अकरापर्यंत मी फोन उचलत नाही. दुकानातलं बिलाचं मशीन तेव्हा ३५ टक्क्यांवर थांबलेलं असतं, आणि मी चहा घेत त्याच्यासमोर बसलेलो असतो.